शेपटीवाली पोरगी
सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये हल्ली जो तो सुतकी चेहऱ्याने फिरतो, म्हणून या आठवड्यात मी मुद्दाम मार्व्हलच्या ‘द अनबीटेबल स्क्विरल गर्ल’चा २०१५ मधला पहिला अंक काढून बसलो. डोरीन ग्रीन, अंगात खारीची ताकद, कॉलेजात संगणकशास्त्र शिकायला आलेली, झुपकेदार शेपटी पँटमध्ये कोंबलेली. समोर क्रेव्हन हा नामांकित शिकारी. मारामारी होते, पण तोंडी लावण्यापुरती. ही पोरगी त्याला चक्क पटवते, की बाबा रे, त्यापेक्षा समुद्रातले राक्षस मार! लेखक रायन नॉर्थच्या पानातळच्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या चावट तळटीपा चुकवू नका (चष्मा लागतोच). एरिका हेंडरसनने नायिका दणकट, गोबऱ्या गालांची काढलीय, हे फार बरं केलं. जगबुडीचे दहा अंक या एका अंकावरून ओवाळून टाकावेत.