राक्षसाचे सोंग

जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढला, तेव्हा आमच्या शाळेतील मुलांनी एक नवा खेळ काढला. एकाने घोंगडी पांघरून बिबट्या व्हावयाचे, बाकीच्यांनी पळावयाचे. मी त्यांना रागावलो. ती माझी चूक झाली.

मुलांनो, राक्षसाचे सोंग म्हणजे निव्वळ पोरखेळ, हे मत मला मान्य नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ हा चित्रपट काढला. आरंभी आपली चिमुकली कन्या मंदाकिनी हिचा चेहरा दाखवून तिलाच त्यांनी कृष्ण केले. म्हणजे सोंग त्यांनी मुळीच लपविले नाही. तरीही डोहातील नागाशी ती झुंजू लागली, की आजही नजर पडद्यावरून हलत नाही.

जपानचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची विषारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. हिरोशिमा आणि नागासाकी कोणी विसरले नव्हतेच. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘गोजिरा’ पडद्यावर आला : बाँबमुळे खवळून समुद्रातून वर आलेला अजस्र प्राणी! एजी त्सुबुराया या कसबी तंत्रज्ञाने टोकिओची इवलीशी घरे उभारली आणि हारुओ नाकाजिमा या नटाने जडशीळ पोशाखात शिरून ती तुडविली. (आत बिचारा किती घामाघूम होत असेल!) पुढे १९६६ साली राक्षसांशी लढणारा ‘अल्ट्रामॅन’ही त्सुबुरायांच्याच संस्थेने घडविला.

आमच्या त्या खेळात बिबट्या होण्यासाठी सर्वांआधी एकच मुलगा घोंगडी ओढून घेई. त्याचे वडील रात्री उसाला पाणी देण्यास जात असत.