वर्गणी न भरणारे पुरोगामी

मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ काढला तो पुण्यामुंबईत नव्हे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यात. पुढे तरवडीहून निघणारे हे पत्र १९६७ पर्यंत चालले. खेड्यातून सावकारीविरुद्ध लिहिणाऱ्याला तो सावकार रोज समोर भेटतो, हे मुंबईच्या टीकाकाराला कळणे कठीण.

आज तालुक्याच्या गावातले आमचे पुरोगामी संपादक पॅलेस्टाइनवर चार रकाने लिहितात. ते लिहावेतच. पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत मिळावयाचे उसाचे पैसे गावच्या कारखान्याने थकवले, तर त्यावर चार ओळीही नसतात. कारखान्याची जाहिरात शेवटच्या पानावर असते!

याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. मला त्यात छपाईच्या बिलाचा हिशेब दिसतो. जाहिरातदार पैसे देतो, वाचक शाबासकी देतो आणि अंक फुकट मागतो. (यात आम्हा प्राध्यापकांचा क्रमांक पहिला.) सबंध तालुक्यात वेळेवर वर्गणी भरणारे पाचशे पुरोगामी निघत नसतील, तर त्या संपादकाला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?