टाकीतून मासा जाणार कुठे?

खडीवर, फिल्टरच्या नळीवर मासा अंग घासायला लागला की आपल्यापैकी कुणालाच दुसऱ्याला विचारावं लागत नाही. व्हाइट स्पॉट येतोय, अमोनिया वाढलाय किंवा टँकरचं क्लोरीनवालं पाणी कुणीतरी तसंच ओतलंय, एवढं त्यावरून लगेच कळतं. आपण औषध घालतो, पाणी बदलतो, चार दिवस खाणं कमी करतो. मात्र त्या माशाला दुखतंय का, हा प्रश्न आपल्या शोभेच्या माशांच्या व्यवसायात फारसा कुणी विचारत नाही. या महिन्यात तोच विचारायचा आहे.

२००३ साली स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा अॅसिटिक आम्ल टोचलं. आम्ल टोचलेल्या माशांनी ओठ तळाच्या खडीवर आणि टाकीच्या भिंतीवर घासले, दोन्ही प्रकारचे मासे तळाला टेकून अंग डोलवत राहिले, त्यांच्या कल्ल्यांची उघडझाप वाढली. नुसते हाताळून सोडलेले मासे दीड तासाच्या आत खाऊ लागले. विष किंवा आम्ल टोचलेल्यांनी मात्र जवळपास तीन तास अन्नाला तोंड लावलं नाही. मॉर्फिन दिल्यावर हे घासणं आणि डोलणं बरंच कमी झालं. ट्राउटच्या चेहऱ्यावर त्यांनी ५८ संवेदनबिंदू तपासले आणि त्यांतले २२ इजेची खबर मेंदूकडे नेणारे निघाले.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाचे जेम्स रोझ यांनी २००२ मध्येच लिहिलं होतं की, वेदनेची जाणीव मेंदूच्या ज्या बाह्यपटलात होते, ते पटल माशाला नाहीच. इजा झाल्यावर तो जे करतो ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. माणसाच्या शरीरात ठसठसती, रेंगाळणारी वेदना वाहून नेणारे बारीक मज्जातंतू भरपूर असतात, ट्राउटच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूत ते जेमतेम चार टक्के सापडले. तेव्हा माशाचं दुखणं आपल्यासारखंच असतं असं म्हणणं घाईचं होईल. पण माणसासारखं बाह्यपटल पक्ष्यांनाही नसतं, आणि पोपटाचा पाय दारात चेमटला तर त्याला दुखत नाही असं आज कुणी म्हणणार नाही.

माझं मन वळवलं ते स्नेडन यांच्याच नंतरच्या एका प्रयोगानं. झेब्रा माशांना दोन कप्पे दिले. एकात खडी, वनस्पती, आडोसा, आणि दुसरा उजाड, लख्ख प्रकाशाचा. सगळे मासे अर्थातच पहिल्या कप्प्यात राहत. मग काहींना आम्ल टोचलं आणि उजाड कप्प्याच्या पाण्यात वेदनाशामक औषध मिसळलं. आम्ल टोचलेले मासे आपला आवडता आडोसा सोडून त्या उजाड कप्प्यात जाऊन राहिले. नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेला आवडनिवड नसते. इथे मासा एका गोष्टीची किंमत देऊन दुसरी घेत होता.

आपल्या टाकीत मात्र दुसरा कप्पा नसतो. मला जे सांगायचंय ते हेच. आमच्या कामतघरच्या वऱ्हाळादेवी तलावातला मासा पाणी तापलं की खोलात जातो, एका काठाला घाण आली की दुसरा काठ धरतो. वेदना असो, नुसती अस्वस्थता असो, तिचा उपयोग हाच की तिनं जिवाला तिथून हलवावं. दोन फुटी टाकीत मासा हलून हलून जाणार कुठे? त्याची सुटका फक्त आपल्या हातानं होते. त्यामुळे ‘अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही’ ही सबब शास्त्रज्ञाला चालेल, पाळणाऱ्याला चालत नाही. आपला अंदाज चुकला तर भोगणार तो मासा आहे.

आमच्या भागातलंच एक उदाहरण घ्या. कामतघरात दुकान आणि यंत्रमागाचा कारखाना यांच्यात पुष्कळदा एकच भिंत असते. त्या भिंतीला लावलेल्या रॅकवरच्या टाकीत माग सुरू होताच पाण्यावर बारीक रेघा उठतात. काचेला बोट लावलं तर थरथर कळते. गोल्डफिश मागच्या कोपऱ्यात, पर अंगाशी घट्ट मिटून, एकमेकांना चिकटून उभे राहतात. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जी पार्श्वरेषा असते, ती पाण्यातली हालचाल आणि कंप टिपण्यासाठीच. आपल्याला नुसता आवाज ऐकू येतो, त्याच्या अख्ख्या अंगावर तो कंप आदळतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोल्डफिशना मोठ्या आवाजात ठेवलं, तेव्हा काही मिनिटांतच त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक वाढलं आणि कान मंदावले. तीन आठवडे आवाज सोसलेल्यांचे कान पूर्ववत व्हायला पुढे सुमारे दोन आठवडे गेले. माग बंद करा असं कुणी म्हणणार नाही, त्यावर या गावाचं पोट आहे. पण रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढता येतो. टाकीखाली जाड थर्माकोल किंवा रबराची चटई घालता येते. वीज जाण्याच्या दिवसांत बॅटरीवर चालणारा एअर पंप तयार ठेवता येतो. नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन काढणारं हायपो टाकायला तर खर्च जवळपास नाहीच. क्लोरीननं कल्ले भाजतात हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

हे झालं हलगर्जीपणाचं. मुद्दाम केलेल्या इजेबद्दल मला जास्त कडक बोलायचं आहे. ग्लासफिश हा आपल्याच नद्या-तळ्यांतला, काचेसारखा पारदर्शक, बोटाएवढासुद्धा नसलेला मासा. त्याच्या कातडीखाली जागोजागी सुई खुपसून चकाकणारा रंग भरतात आणि ‘डिस्को’, ‘पेंटेड’ अशा नावांनी तो विकतात. सुईची जाडी माशाच्या मानानं बघा, म्हणजे हे काय आहे ते कळेल. काही महिन्यांत रंग उडतो, पण टोचण्यातून शिरलेला संसर्ग राहतो. ब्रिटनमध्ये ‘प्रॅक्टिकल फिशकीपिंग’ मासिकानं १९९६ पासून अशा माशांविरुद्ध मोहीम चालवली आणि अनेक दुकानदारांनी ते ठेवणं सोडलं. पॅरट माशाची शेपटी कापून त्याला बदामाचा आकार देतात, तेही याच पंक्तीतलं. जनुकबदल करून जन्मतःच रंगीत असलेला मासा वेगळा, त्याच्याबद्दलचे प्रश्नही वेगळे. टोचलेला आणि कापलेला मासा मात्र कुठल्याही दुकानात असू नये. गिऱ्हाईक मागतं, हे उत्तर मी ऐकलेलं आहे. रंग कसा भरतात हे एकदा नीट सांगितलं, की त्यातली बरीच गिऱ्हाइकं मागणं सोडतात, हेही पाहिलेलं आहे.

कायद्याचं म्हणाल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी ‘प्राणी’ ठरतो. म्हणजे मासा त्यात पहिल्यापासून आहे. २०१७ च्या मे महिन्यात केंद्रानं मत्स्यालय आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी वेगळे नियम काढले. व्यापाऱ्यांनी मोठा विरोध केला आणि पुढे ते मागे घेतले गेले. त्यातल्या काही अटी छोट्या दुकानदाराला झेपणाऱ्या नव्हत्या, हे खरं आहे. पण नियम गेले म्हणून आपण सुटलो, असा जो सूर तेव्हा लागला तो मला पटला नाही. टाकीत किती मासे, पाणी कसं, आजारी मासा वेगळा ठेवला की नाही, हे आपण आपल्या संघटनांतून ठरवायला हवं होतं. अजूनही ठरवता येईल.

शेवटचा विषय बोलायला कुणाला आवडत नाही. बरा न होणारा मासा काय करायचा? कुणी संडासात सोडतं, कुणी फ्रीझरमध्ये ठेवतं, कुणी पाण्याबाहेर कागदावर. तिन्ही प्रकारांत मरण लांबतं. तळ्यात सोडणं तर त्याहून वाईट, कारण रोग तिथल्या माशांत जातो. त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारं शुद्ध लवंग तेल वापरा. मासा त्याच्याच टाकीतल्या मोजक्या पाण्यात घ्या. छोट्या बाटलीत कोमट पाणी आणि तेलाचे थोडे थेंब घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा, कारण तेल पाण्यात आपणहून मिसळत नाही. ते हळूहळू ओता. मासा कलंडतो, मग स्पर्शालाही हलत नाही. त्यानंतरच उरलेलं, म्हणजे एकूण लिटरला सुमारे अर्धा मिलि तेल होईल इतकं घाला आणि कल्ले थांबल्यावरही निदान दहा मिनिटं त्याला तसाच राहू द्या. दुकानात हे काम ज्या पोऱ्याकडे सोपवता, त्याला आधी एकदा स्वतः शेजारी उभं राहून करून दाखवा.