शाळांचा खर्च ही मेहेरबानी नव्हे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात घालण्यात आले. त्याच दिवशी राज्यघटनेचे ३५० अ हे कलमही अमलात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्यास प्रत्येक राज्याने झटावे, असे ते सांगते. म्हणजे सीमाभागाबरोबरच ही जबाबदारीही राज्याने पत्करली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पैशाचा प्रश्नही निकालात काढला. केंद्राचा वाटा जमेस धरून उरलेला निधी पुरविण्यास राज्य सरकार जबाबदार आहे. ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेतही दोन शिक्षक हवेत; मंजूर जागांपैकी १० टक्क्यांहून अधिक रिकाम्या राहता कामा नयेत. हा कायदा वर्गाची भाषा विचारीत नाही.

पालकांनी वर्गणी काढून शाळेचे छप्पर सावरले तर ते त्यांचे औदार्य. त्यायोगे सरकारची सुटका होत नाही. शिक्षक नाही म्हणून पट घटायचा आणि पट घटला म्हणून शिक्षक द्यायचा नाही, हे दुष्टचक्र सरकारनेच तोडले पाहिजे. आम्ही भिक्षा मागत नाही. मराठी शाळांतील रिक्त जागांचा शाळावार हिशेब सरकारने जाहीर करावा आणि त्या भराव्यात, एवढीच आमची रोखठोक मागणी आहे.