रेडिएटर थंड, तरी गाडी तापलेली!

गेल्या मे महिन्यात गोव्याहून परत येताना केरी मागे टाकून चोर्ला घाट चढू लागलो आणि अर्ध्या चढणीवर आमची गाडी बंद पडली. गचके नाहीत, धूर नाही. दिवा मालवावा तशी एकदम बंद. गाडी जुनी, कार्बोरेटरच्या काळातली. मागच्या सीटवर सौ., मुलगी आणि धारवाडहून आलेले अज्जा, म्हणजे माझे सासरे. ब्रेकला बूस्टर असेल तर इंजिन बंद पडल्यावर एक-दोनदाच तो साथ देतो, मग पेडल दगडासारखे घट्ट होते, हे मला त्या दिवशी चढावर मागे घरंगळताना कळले. हँडब्रेक ओढला, मुलीने उतरून चाकामागे दगड लावला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. (निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला टाकायला विसरू नका. आपल्याकडे शंभरातले नव्वद विसरतात.)

बॉनेट उघडले. रेडिएटरचे पाणी ठीक, तापमानाचा काटाही जागेवर. मदतीला थांबलेल्यांपैकी एक म्हणाला पेट्रोल येत नाही, दुसरा म्हणाला प्लग गेले. अज्जा मात्र सावलीत बसून म्हणाले, "स्वल्प तडीरी. बिसी आग्याद." पाऊण तासाने चावी फिरवली, तर जणू काही झालेच नव्हते! जांबोटीच्या अलीकडे पुन्हा तोच प्रकार.

बेळगावात एका गॅरेजने कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलचा पंप बदलला, बिलही भरभक्कम लावले. पुढच्या रविवारी खानापूर रोडवर गाडी पुन्हा उभी. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एकच विचारले, "बंद पडते तेव्हा ठिणगी बघितली काय?" कोणीच बघितली नव्हती. उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊनही गाडी अशीच थांबते, पण तेव्हा प्लगला ठिणगी असते. इथे ठिणगीच गायब होती. कॉइल तापली तरी असे होते. ती त्यांनी आधी तपासली, मग डिस्ट्रिब्युटर उघडला.

आत काड्यापेटीएवढा एक डबा असतो, इग्निशन मोड्युल. जुन्या गाड्यांत कॉइलचा प्रवाह तोडण्याचे काम पॉइंट करत. ते काम आता त्यातला ट्रान्झिस्टर करतो. चार सिलिंडरच्या इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे झाले तर सेकंदाला शंभर वेळा! कॉइलमधून काही अँपिअर प्रवाह जातो, त्यामुळे तो आतून तापतो आणि वर इंजिनाची धग. ही उष्णता त्याच्या तळाच्या पत्र्यातून खालच्या धातूत उतरावी लागते. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक फटी राहतात, त्यांत हवा राहते आणि हवा उष्णता अडवते. म्हणून मध्ये पांढरी सिलिकॉनची पेस्ट लावतात. आमच्या गाडीतली वाळून चुन्याच्या भुकटीसारखी झाली होती.

हे दुखणे आपल्या जुन्या गाडीचेच, असे समजू नका. अमेरिकेत फोर्डने १९८० च्या दशकात लाखो गाड्यांत हे मोड्युल थेट डिस्ट्रिब्युटरवर बसवले. तापून गाड्या बंद पडतात म्हणून खटला झाला. २००० साली कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला आणि २००१ मध्ये तडजोड झाली.

मिस्त्रींनी जुनी भुकटी पुसली, पृष्ठभाग स्वच्छ केला आणि नवी पेस्ट लावली. तीही पातळ थरात. माझ्यासारख्या मराठी शिकवणाऱ्याला वाटले होते, जितकी जाड तितकी थंड. पण पेस्ट धातूपेक्षा उष्णता कमीच वाहते, तिचे काम फक्त फटी भरण्याचे. वायरींच्या टोप्यांत घालतात ते ग्रीस वेगळे, तेही पांढरटच दिसते, म्हणून दुकानात नीट विचारून घ्या. मोड्युलचे स्क्रू घट्ट हवेत आणि अर्थिंगच्या वायरीला गंज नको.

कॉइल मात्र गाडीला नेमून दिलेलीच घ्यावी. रोध कमी असलेली कॉइल "जोरदार ठिणगी देते" म्हणून बसवतात. ती जास्त प्रवाह ओढते आणि मोड्युल भाजून निघते. झिजलेले प्लग आणि जुन्या वायरी यांचाही ताण शेवटी कॉइलवर व मोड्युलवरच येतो. इंजिन बंद ठेवून रेडिओसाठी चावी 'ऑन'वर ठेवायची सवय आमच्या घरात होती, ती आता मोडली आहे; काही गाड्यांत तेव्हाही कॉइलमधून प्रवाह चालूच राहतो. आणि तापलेल्या डिस्ट्रिब्युटरवर बाटलीतले पाणी ओतू नका. ठिणगी तपासायचे काम मिस्त्रींवरच सोडा, तिथले व्होल्टेज हजारांत असते.

नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच नाही, कॉइल थेट प्लगवर बसते. पण आमच्या गल्लीत अजून दोन-तीन जुन्या गाड्या आहेत. उरलेली पेस्टची नळी सौ.ने खडूने "दातांची नव्हे" असे लिहिलेल्या डब्यात ठेवली आहे. खाली कन्नडमध्येही लिहिले आहे, अज्जा येतात म्हणून.