विश्लेषण : जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांची पहिली परीक्षा वर्गाबाहेर का?

जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला जगभरातून शेकडो तरुण इंग्रजी शिकवण्यासाठी टोक्योत उतरतात. शाळांना तेव्हा उन्हाळी सुट्टी असते, त्यामुळे प्रत्यक्ष वर्ग सुरू व्हायला काही आठवडे मिळतात. या काळात पत्ता, फोन, बँक खाते आणि घर या चार गोष्टी जमवायच्या असतात. त्या कुणाच्या मदतीने जमतात, यावर पुढच्या वर्षभराची सुरक्षितता बरीचशी अवलंबून असते.

जपानला परदेशी शिक्षक का लागतात?

जपानमध्ये २०२०पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला. तिसरी-चौथीपासूनच मुलांना परकीय भाषेची ओळख करून दिली जाते. जपानी शिक्षकाच्या जोडीला वर्गात उभा राहणारा परदेशी सहायक ही पद्धत मात्र जुनी आहे. सरकारचा ‘जेट’ कार्यक्रम १९८७मध्ये चार देशांतील ८४८ जणांना घेऊन सुरू झाला. आता त्यात एका वेळी पाच हजारांहून अधिक जण असतात. सगळ्याच नगरपालिका या कार्यक्रमातून माणसे घेत नाहीत. काही थेट नेमणूक करतात, तर अनेक ठिकाणी मनुष्यबळ पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांना कंत्राट दिले जाते. याखेरीज ‘एइकाइवा’ म्हणजे खासगी इंग्रजी संभाषण वर्गांचा मोठा बाजार आहे.

पहिल्या १४ दिवसांत काय करावे लागते?

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला मोठ्या विमानतळांवर उतरतानाच निवासपत्र मिळते, पण त्यावर पत्ता नसतो. राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून १४ दिवसांत स्थानिक पालिका कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. तो निवासपत्राच्या मागे छापला जातो. १२ अंकी ‘माय नंबर’ हा ओळख क्रमांकही या नोंदणीनंतरच मिळतो.

खरी अडचण पुढे येते. बँकेला पत्ता आणि फोन क्रमांक हवा असतो. फोन कंपनीला बँक खाते किंवा क्रेडिट कार्ड हवे असते. घर भाड्याने देणारा फोन क्रमांक आणि उत्पन्नाचा पुरावा मागतो आणि पत्त्याशिवाय यातले काहीच हलत नाही. आधी कोंबडी की आधी अंडे, असा हा पेच आहे. स्थानिक ओळखीचा माणूस किंवा नोकरी देणारी संस्था मध्ये पडली, तर तो लवकर सुटतो.

घर घेणे इतके महाग का?

जपानमध्ये पहिल्या भाड्याबरोबर ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत भरावी लागते. अनेक ठिकाणी ‘रेइकिन’ही द्यावे लागते. ही घरमालकाला दिलेली, परत न मिळणारी रक्कम असते. दलालाचे शुल्क आणि हमीदार कंपनीचे शुल्क वेगळे. हे सगळे मिळून चार ते सहा महिन्यांच्या भाड्याइतका खर्च सुरुवातीलाच होऊ शकतो. पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना लागू शकतो, म्हणजे हा पैसा घरूनच न्यावा लागतो.

पैसे असूनही नकार मिळू शकतो. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी नागरिकांपैकी सुमारे ३९ टक्के जणांनी परदेशी असल्यामुळे घर नाकारले गेल्याचे सांगितले होते.

नोकरी देणाराच घर देत असेल तर?

नवख्याला ही मोठी सोय वाटते. तिचा धोका २००७मध्ये दिसला. ‘नोव्हा’ ही तेव्हाची जपानमधील सर्वात मोठी संभाषण वर्गांची साखळी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कोसळली. सुमारे चार हजार परदेशी शिक्षकांचे पगार अडकले. अनेक जण कंपनीने भाड्याने घेतलेल्या घरांत राहत होते. त्यांच्या पगारातून भाडे कापले गेले होते, पण ते घरमालकांपर्यंत पोहोचले नव्हते. त्यामुळे नोकरी आणि डोक्यावरचे छप्पर दोन्ही एकदमच धोक्यात आले. भाडेकरार कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तेव्हा पगाराइतकाच महत्त्वाचा ठरला.

नोकरी गेली तर व्हिसा जातो का?

लगेच नाही. नोकरी सुटल्यास किंवा बदलल्यास १४ दिवसांत इमिग्रेशन विभागाला कळवावे लागते. निवास दर्जात ठरलेले काम सबळ कारणाविना तीन महिने केले नाही, तर तो दर्जा रद्द होऊ शकतो. सरकारी शाळेत शिकवण्याचा आणि खासगी वर्गात शिकवण्याचा दर्जा वेगवेगळा असतो. त्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाताना परवानगीही नव्याने घ्यावी लागते.

‘जेट’मध्ये काय वेगळे आहे?

या कार्यक्रमात जपानपर्यंतचा विमानप्रवास, सुरुवातीचे प्रशिक्षण आणि स्थानिक पातळीवर मदतीला माणूस, अशी व्यवस्था असते. एप्रिल २०२५पासून पहिल्या वर्षाचे मानधन ३३.६ लाख येनवरून ४०.२ लाख येन करण्यात आले. २०२४च्या उन्हाळ्यात एका डॉलरला १६० येनहून अधिक मोजावे लागत होते. शिक्षणकर्ज डॉलरमध्ये फेडणाऱ्यासाठी जुने मानधन अपुरे पडू लागले होते. मात्र ‘जेट’मध्येही घराची सोय सर्वत्र सारखी नसते. कुठे शिक्षकांसाठीची स्वस्त घरे मिळतात, तर कुठे फक्त घर शोधायला मदत होते.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी कोणती अट महत्त्वाची?

सरकारी शाळेत सहायक म्हणून मिळणाऱ्या निवास दर्जासाठी, जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्याची अकरावी-बारावीची दोन, पदवीची तीन आणि एमएची दोन, अशी इंग्रजी माध्यमाची सातच वर्षे भरतात. इंग्रजी कितीही उत्तम असले, तरी तो या अटीत बसत नाही. दलालाला पैसे देण्याआधी हे गणित कागदावर मांडायला हवे.

अट पूर्ण होत असेल, तर करारातील तीन कलमे आधी पाहावीत. पहिला पगार कोणत्या तारखेला मिळणार, शाळेच्या सुट्टीत पूर्ण पगार मिळणार का आणि नोकरी संपल्यावर घर किती दिवसांत सोडावे लागणार? परक्या देशात पाय टेकवणारा पहिला महिना या तीन उत्तरांवर तरतो किंवा कोलमडतो.