नालबंदाचा कोर्स

आमच्या सोसायटीतला एक मुलगा परवा संध्याकाळी घरी आला. बारावी झालेली, माथेरानच्या सहलींतून घोड्यांचे वेड लागलेले. म्हणाला, "काका, नालबंद व्हायचं असेल तर कुठला कोर्स करावा लागतो?" त्याची आई मागे उभी होती. मी त्याला बँकेची परीक्षा सुचवावी, ही अपेक्षा तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

मला १९८६ सालातली एक सकाळ आठवली. तालुक्याच्या शाखेत मी फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटायची होती आणि मार्चअखेर जवळ आली होती. एक पोरगा आला. मामाच्या हाताखाली तीन वर्षे बैलांना पत्र्या मारायला शिकला होता. ऐरण, भाता आणि हातोड्यांसाठी त्याला दीड हजार रुपये हवे होते. मी प्रशिक्षणाचा दाखला मागितला. तो म्हणाला, "दाखला न्हाई सायेब. एखादा बैल आणा, पत्री मारून दावतो." मी हसलो आणि त्याच्या नावावर म्हैस लिहिली. म्हशीचा छापील तक्ता तयार होता, नालबंदाचा नव्हता. वर्षभरात म्हैस आटली, विकली गेली. थकबाकीची नोटीस माझ्याच सहीने गेली आणि पोरगा गाव सोडून गेला.

त्याला काय येत होते, हे मला पुढे कळले. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. बैलाला दोरखंडाने आडवा पाडायचा आणि पाडताना त्याला इजा होऊ द्यायची नाही. घोडा उभ्यानेच नाल मारून घेतो. त्याच्या खुराची भिंत आपल्या नखासारखी, महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढणारी. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून ती पुन्हा बसवावी लागते. भिंतीच्या आत एक पांढरी रेघ असते. खिळा तिच्या बाहेरच राहिला पाहिजे. आतल्या जिवंत भागाला लागला, तर घोडा लंगडतो, खुरात पू होतो. खिळा कुठे चालला आहे, हे जाणता नालबंद हातोड्याच्या आवाजावरून ओळखतो.

असले कान पुस्तकाने तयार होत नाहीत. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणीशिवाय घोड्याला नाल मारता येत नाही आणि त्यासाठी साधारण चार वर्षे उस्तादाकडे पगारी उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये नालबंद तयार होतात. एरवी ही विद्या बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे जाते.

ट्रॅक्टर आल्यावर बैलांचे काम घटले, हे खरेच. पण महालक्ष्मीला, पुण्याच्या रेसकोर्सवर, रायडिंग स्कूलमध्ये, माथेरानच्या वाटांवर घोडे आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. त्यांच्या पायांना हात लावणारा माणूस लागणारच.

२०२३ साली पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, नालबंद नाही. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्क्यांनी कर्ज, ही चांगलीच गोष्ट. पण प्रशिक्षण काही दिवसांचे. ऐरण विकत घेता येते. ती वापरायला शिकण्याची दोन-तीन वर्षे कोणी पोसायची? उस्तादाला शिकवण्याचे मानधन आणि उमेदवाराला विद्यावेतन मिळाले पाहिजे. नाहीतर ही विद्या ज्यांच्या घरात आहे, त्यांचीच मुले आधी दुसरीकडे जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

मी मुलाला सांगितले, "आधी एखाद्या जुन्या नालबंदाकडे महिनाभर जा. नुसते घोड्याचे पाय धरायला मिळाले तरी धर. कंबर दुखेल, एखादी लाथही बसेल. जुन्या नाली काढायला शिक. मेलेल्या जनावराच्या खुरावर खिळे मारून बघ. महिन्यानंतरही वेड टिकले, तर पुढचे बोलू."

"आणि महिनाभराचा खर्च?" त्याच्या आईने विचारले.

"तो मी देईन," मी म्हणालो. १९८६ पासूनचे दीड हजार माझ्याकडे थकलेले आहेत.